एकशे अठ्ठावीस

मे महिन्यातली रात्र, तीन वाजून सात मिनिटं.
कूलरमधलं पाणी संपलेलं, पंखा कोरडाच घुमतोय,
आणि मनगटावर हिरवा उजेड:
एकशे अठ्ठावीस.

घड्याळ लेकीनं पाठवलंय, पहिल्या पगारातून.
‘आई, हे तुझ्यावर लक्ष ठेवेल.’
ठेवतंय बाई.
त्याचं माझ्यावर, माझं त्याच्यावर,
आणि दोघांच्या मधून आकडा चढतोय,
एकशे तेहतीस,
एकशे एकोणचाळीस.
नवऱ्याला उठवलं नाही.
कपाटातल्या चाव्या कुठं आहेत, तेवढं मात्र मनात म्हणून घेतलं.

सकाळी धंतोलीत, लांजेवार मॅडमसमोर.
पट्टीवरचे डोंगर सारखे,
चौथीतल्या पोरीनं आखून काढल्यासारखे.
‘काल पाणी किती प्यायलात?’
दोन ग्लास.
‘चहा?’
पाच. भाचीच्या शालूसाठी भर दुपारी इतवारीत फिरले, हेही सांगितलं.
मॅडम हसल्या. ‘मग ते धावणारच.
तहानेत धावतं, तापात धावतं,
आकडा बघून तुम्ही घाबरलात की आणखी धावतं.
टेका, पाणी प्या, त्याला उतरू द्या.’

मग पेन खाली ठेवलं.
‘पण बसल्या जागी एकाएकी सुटलं आणि थांबेचना,
ठोक्यांचा मेळच राहिला नाही,
छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं,
डोळ्यांपुढे अंधारी, बोलता बोलता धाप,
तर घड्याळ बघत बसू नका.
माझी अपॉइंटमेंटही मागू नका.
निघा.’

रिक्षा गोळीबार चौकातून वळली.
इथंच बाबांचा माग होता.
पलीकडच्या खोलीत जेवता जेवता
ते घास हातात धरून थांबायचे:
‘धागा तुटला, पाय बरं.’
आणि खरंच तुटलेला असायचा.

त्या सकाळी ओट्यावर बसून म्हणाले,
‘पोरी, जरासं जड वाटून राहिलं.’
आम्ही ओवा दिला.
सोडा आणला.
आदल्या रात्रीच्या सावजी रश्श्यावर खापर फोडलं.
बनियन घामानं चिंब होतं,
आणि पौष होता.
पौषात, नागपुरात, सकाळी सातला
माणूस घामानं भिजलाय,
आणि मी त्यांना विचारलं, साखर कमी टाकू का चहात?

काहीच वाजलं नव्हतं तेव्हा.

आता रात्री जाग आली
की आधी घड्याळ पालथं घालते.
दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या काट्यावर,
पंधरा सेकंद.
एकवीस.
एकवीस चोक चौऱ्याऐंशी.
ठोक्यामागून ठोका, मध्ये कुठं गाठ नाही.
छाती हलकी आहे का, तेही विचारून घेते,
त्यांना विचारायचं राहिलं होतं तसं.

मग उठते.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतते,
एक ग्लास स्वतःत.