पायांची साक्ष

सुनीतीनं दोन हजार भरले होते, परत न मिळणारे,
आणि आठवडाभर आधी गच्चीच्या जिन्यावर तिचा घोटा मुरगळला.
म्हणून मी आलो.
कुत्री तिची. बूट माझे, कोर्टातले, काळे.

मोरारच्या पुढं एका शाळेमागचं मैदान.
जानेवारीचं धुकं इतकं
की उड्यांच्या आडव्या काठ्या नुसत्या हवेत टांगलेल्या.
प्लंबरकडचे पाइप, निळ्या ताडपत्रीचा बोगदा,
सुताराकडून करून घेतलेला सी-सॉ,
अजून रंध्याचा वास असलेला.
दिल्लीहून एक मुलगी आली होती, बॉर्डर कॉली घेऊन.
डॉक्टर भदौरियांचा लॅब्राडोर.
आणि आमची टिचकी, नया बाजारातल्या गटाराकाठची,
एक कान उभा, एक कान तहकूब.

तोमर सर बावीस वर्षं टेकनपूरला कुत्री शिकवून निवृत्त झालेले.
म्हणाले, पहले बिना कुत्ते के चलिए.
आणि आम्ही अकरा मोठी माणसं
रिकामा हात पुढं धरून,
नसलेल्या कुत्र्यांना वळणं दाखवत
धुक्यात फिरलो.
फाटकाबाहेर गजकवाला सायकल थांबवून बघत राहिला.
त्याला काय वाटलं, मी विचारलं नाही.
मनातल्या मनात उलटतपासणी मात्र घेऊन टाकली.

मग पट्टे सुटले.
टिचकी, उडी.
टिचकी, इकडून. अगं, इकडून. हे बघ, आधी ही काठी,
मग तो बोगदा, त्यात भिण्यासारखं काही नाही,
त्याला दुसरं तोंड आहे, मी स्वतः बघून आलोय –
चौतीस वर्षं मी असाच बोलतो,
न्यायाधीशांना जांभई येईपर्यंत.
टिचकी बसली. कान खाजवला.
तहकूब असलेला.

"वकीलसाहब," तोमर सर म्हणाले, "मुँह बंद.
ज़बान कहे कूदो, और पाँव कहें गेट,
तो कुत्ता पाँव की मानेगा."
मी खाली पाहिलं.
दोन्ही बूट फाटकाकडं तोंड करून उभे.
हरकत घ्यायला जागा नव्हती.

दुसऱ्या खेपेला ओठ आत घेतले,
कवळी बसवताना घेतो तसे.
उजवा खांदा थोडा पाडला. पावलं बोगद्याकडं.
आणि ती गेली.
बाणासारखी वगैरे नाही, टिचकीसारखीच, जरा तिरकी,
मागचे पाय पुढच्यांआधी पोचवायच्या घाईत.
ताडपत्री आतून फुगत फुगत गेली,
पलीकडच्या तोंडाशी एक नाक, मग सगळी ती,
आणि बाहेर येता येताच डोळे माझ्या खांद्यावर,
की आता कुठं?
इतकं लक्ष देऊन माझं म्हणणं
उभ्या जन्मात कोणी ऐकलेलं नाही,
आणि मी तर काही म्हणालोच नव्हतो.

सी-सॉवर मात्र घाबरली. मधोमध थांबली,
फळी धाडकन आपटली
आणि ती थेट भदौरियांच्या लॅब्राडोरवर.
बारा दांड्यांतले चार गाळले.
मी मागं वळून बघितलं तेव्हा तीही थांबली,
तोमर सर कपाळाला हात लावून म्हणाले,
भरोसा नहीं है क्या?

घरी सुनीती पलंगावर, पाय उशीवर.
कशी झाली? काय सांगितलंस तिला?
काहीच नाही, म्हणालो.
तिला खरं वाटलं नाही. एकतीस वर्षांचा अनुभव आहे.
बस ना जरा, म्हणाली.
बसतोच आहे, म्हटलं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.
बाहेरच्या खोलीत फाइल होती, सोमवारची तारीख.
टिचकी उठली, दाराशी जाऊन उभी राहिली,
आणि वळून माझ्या बुटांकडं बघू लागली.
मग सुनीतीनंही बघितलं.

मी वाकलो. चिखल वाळला होता.
डावा आधी निघाला.
उजव्याला वेळ लागला.