भांड्यांवरची नावं

सर्वोपचारच्या मागच्या फाटकाशी, नळाजवळ,
रोज दीडशे ताटं माझ्या हातांखालून जातात.
सोमवारी जैन मंडळाची खिचडी, कांदा-लसूण नसलेली.
गुरुवारी दर्ग्याच्या पंचांची रोटी-दालचा.
शनिवारी मठातून भाकरींचा हारा, वर ठेचा.
रविवारी प्रार्थना उरकून सिस्टर अनास्तासिया
स्कूटीच्या मागं बसून येतात,
मांडीवर पातेलं, दोन्ही हात झाकणावर.
मधल्या वारांना कुणी ना कुणी.
जेवण ज्याचं त्याचं.
भांडी मात्र सगळ्यांत एकच, आणि घासणी माझी.

खरकटं निघालं की नावं वर येतात.
‘कै. द्रौपदाबाई यांच्या स्मरणार्थ, मुलांकडून.’
‘मरहूम गफूरसाब, सवाबसाठी.’
‘गृहप्रवेश, १२-५-८८’, घर कुणाचं ते नाहीच.
एका वाडग्यावर नुसतं ‘राजूच्या’.
कोरणाऱ्याची सुई मोडली असेल,
नाहीतर अक्षरामागं पैसे ठरले असतील
आणि तेवढेच असतील खिशात.

मेलेल्यांची नावं मी विसळते,
उपडी घालते, उन्हाला लावते.
जेवणाऱ्यांची नावं ईरय्या स्वामी लिहून घेतात:
नाव, गाव, वॉर्ड नंबर, पेशंट कोण लागतो.
“देणाऱ्याला हिशेब लागतो, बाई.”
खरंय. मीही होते एका वहीत.

भूकंपाच्या साली मी सात वर्षांची.
पत्र्याच्या शेडपुढं रांग, ट्रकवर कापडी फलक,
कुठल्या मिशनचा, ते वाचता येत नव्हतं.
एका चष्मेवाल्या बाईनं ताट दिलं,
जड, जुनं, काठाला पोचा आलेलं,
मधोमध कोरलेलं:
‘कु. प्रमिला हिस, मामाकडून.’

आमची सगळी भांडी दगडांखाली होती.
आईपण.
अक्षरं मी त्या ताटावर शिकले.
भात सरकवला की ‘कु’ दिसायचा,
आमटी संपली की ‘मामा’.
कित्येक वर्षं वाटायचं, जेवते ती प्रमिला,
मी नुसती तिच्या शेजारी बसलेली.
कोण होती, कुठं दिली तिला,
मामा कधी घरी आला तर म्हणाला असेल का,
ताट कुठंय गं?

आज दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून एक बाई आली,
अहमदपूरकडची. तीन दिवस तेच लुगडं.
स्वामींनी पेन उघडलं. नाव?
गप्प.
नाव सांगा मावशी, वहीत लिहावं लागतं.
स्वामी काही कडक नाहीत,
वहीच तशी आखलेली आहे.
ती हळूच म्हणाली,
“लिहू नका. आमच्या दारात माणसं जेवून गेलेली हाईत.”

रांग थांबली. मागून कुणीतरी ताट वाजवलं.
माझे हात फेसात.
मी नळापासूनच ओरडले, “प्रमिला लिहा.”
स्वामींनी चष्म्यावरून बघितलं.
“गाव?”
“लिहा की मामाचं.”

ती भिंतीकडं तोंड करून जेवली.
मधेच वळून मला म्हणाली,
“काय बघूलालीस?”
काही नाही म्हटलं.
ताट मला घासू दिलं नाही.
स्वतः घासलं, माझ्यापेक्षा लख्ख,
पदरानं पुसलं,
आणि चळतीपाशी ठेवायला म्हणून गेली.

संध्याकाळी मोजदाद. एकशे एकोणपन्नास.
स्वामी दोनदा मोजतात, तिसऱ्यांदा चिडतात.
कोणतं गेलं ते मला न मोजता कळलं,
द्रौपदाबाईंचं.
सांगितलं नाही.
बाळाची आजी असेल ती, किंवा नसेल.
पाच-सहा वर्षांनी कुठल्यातरी घरात
एक पोर भात बाजूला सारून
बोटानं ‘द्रौ’ गिरवेल, अवघड अक्षर आहे,
मला तर चौथीत जमलं.

फाटकाला कुलूप. पातेली टेम्पोत.
स्वामी म्हणाले, उद्या कुणाचं?
उद्या मंगळवार.
मंगळवार अजून कुणी घेतलेला नाही.