ताजी कड

फावडं घ्यायला आलीस ना, राग्ना,
मग आधी बूट दाखव.
तळव्याला चिकटलेली माती
गिऱ्हाइकापेक्षा खरं बोलते.
चिकण. त्यात गारगोट्या.
म्हणजे फियॉर्डच्या वरचं येन्सेनचं कुरण.
हे अ‍ॅल्युमिनियमचं हलकं बाळ मग परत खुंटीवर,
पहिल्याच गारेवर मान टाकेल.

हे बघ, पोलादी. एका कडेला करवतीचे दात,
मुळांना दयामाया नाही.
मूठ आडवी, मनगट दुवा देईल.
आणि लांब दांड्याचंच घे,
स्कूलबस चालवून तुझी कंबर आधीच
रिव्हर्समध्ये गेलीय.

"सगळ्यात धारदार कुठलं?"

सगळे हेच विचारतात.
मीही विचारलं होतं.
गल्ल्याखाली एक पत्र आहे, संग्रहालयाचं,
चार ओळींचं. ब्राँझचा पक्षी,
खांद्यावर शाल अडकवायचा. दोन तुकडे. आभार.
आणि शेवटी, अगदी सभ्यपणे:
तुटलेली कड ताजी आहे.

ताजी.
पावाला म्हणतो तसं.
हजार वर्षं नांगर चुकवत,
डुकरं, बटाट्याची यंत्रं, एक अख्खं सैन्य चुकवत
तो पडून होता अखंड,
आणि मी, एका मंगळवारी,
जेवायला उशीर होतोय म्हणून
टाच देऊन दाबलं.
आवाज आला, छोटासा. बिस्किटाचा.

तर यंत्र वाजलं की वीतभर लांबून काप.
गवताचं झाकण एका बाजूला जोडलेलंच ठेव, वहीच्या पानासारखं.
नांगर पोचतो तिथवरच उतर,
त्याखालचं आपलं नाही.

धारदारच घेतलंस. घे.
पिशवीत लोण्याची लाकडी सुरी टाकलीय,
बिलात नाही.

शुक्रवारी आलीस, नखांत चिकण.
काय मिळालं? ट्रॅक्टरचा बोल्ट,
बिअरचं बूच,
आणि गाईची घंटा, जीभ नसलेली.
ती तू काउंटरवर हलवून दाखवलीस
आणि आपण दोघं उगाच ऐकत राहिलो.

येन्सेन सकाळी खिळे न्यायला आला होता.
म्हणे, कुरण पालथं घातलं,
खणल्याची खूण कुठेच नाही,
बाई आली तरी होती का?

सुरी परत द्यायला आले, म्हणालीस.
दिली नाहीस.