सेकंड

अठरा वर्षं टॉवेल तपासतेय मी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, उभ्यानं, ट्यूबलाइटखाली.
सुटलेला लूप, तेलाचा ठिपका, हुकलेला एक बाणा,
डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याला कळतं.
तसला पीस बाजूला पडतो.
त्याला सेकंड म्हणतात. तो किलोवर जातो.

माझी गाडी दुसऱ्या गियरमध्ये अडकते.
नवी गाडी. मोजून सात महिने.
दुसरी पाळी अकराला सुटते, मग
रेणुका, शमशाद आणि मी, पेट्रोल तिघीत,
आणि अशोक चौकात ही अशी बसते
की हलवायला पानपट्टीवरची पोरं लागतात.
पोरं हसत ढकलतात.
‘मावशी, बैलगाडी बरी की ओ!’

हप्ता मात्र कुठंच अडकत नाही.
पाच तारखेला, मी चहा ठेवायच्या आत
नऊ हजार आठशे चाळीस
खात्यातून निघून गेलेले असतात.

शोरूम होटगी रोडला.
बाहेर त्रेचाळीस, आत स्वेटर घालावा इतकं गार.
बिराजदार साहेब, वयानं माझ्या धाकट्या दिराएवढा.
‘येमूल मॅडम, थंड घेणार का गरम?’
बदलून घेणार, म्हटलं.

मग त्यानं समजावलं, अगदी गोडीनं:
गाडी कंपनीची असते, मॅडम. कर्ज फायनान्सचं.
आम्ही नुसते मध्ये.
आणि माझं काय?
तो बोलला नाही, पण
तक्रार तेवढी उरली होती.

फायनान्सवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.
‘गाडी चालो न चालो, करार चालू असतो.’
मागं त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

पाच जॉबकार्डं काचेवर मांडली.
पाचांवर एकच वाक्य, एकाच निळ्या पेनानं:
ग्राहकाचे समाधान झाले.
पाचांतल्या दोनच सह्या माझ्या होत्या.
बिराजदार वर पंख्याकडं बघायला गेला.
पंखाच नव्हता.

मग सुरू झाली ओवाळणी.
सीटकव्हर. दोन सर्व्हिसिंग फुकट.
डॅशबोर्डवर लावायला सिद्धेश्वराचा फोटो.
शेवटी आवाज खाली आणून:
‘गियरबॉक्स अख्खा नवा टाकतो,
फक्त बाहेर कुठं बोलू नका.’
म्हणजे दोष आहे तर, म्हटलं.

पिशवीतून टॉवेल काढला.
पांढरा, एक्सपोर्टचा, परत आलेला.
यातली चूक शोधा.
त्यानं उलटा केला, उजेडात धरला. ‘चांगलाय की.’
इथं बोट ठेवा. एक धागा.
एवढ्यासाठी अख्खा कंटेनर माघारी आला, साहेब.
आमच्या मालकानं सीटकव्हर नाही दिलं.
माल बदलून दिला.

(कंटेनर नव्हता. चार गठ्ठे होते.
भाव करताना माणूस थोडं वजन वाढवतंच.)

तो बोट फिरवत राहिला, बराच वेळ,
लहान पोरगं आईच्या पदराशी करतं तसं.
मग उठून फोनवर कन्नडात बोलला.
आमच्या घरी तेलुगू, पण सोलापुरात वाढल्यावर
एवढं कळतंच:
‘बेड’ तीनदा आलं.
खूप वेळानं, हळू, एकदा ‘आयतु’.

कागद छापून आला, अजून गरम.
गाडी बदलून देण्याबाबत.
चेसिस नंबर बरोबर. नावातला ऊ सुद्धा दीर्घ.
शिक्का जांभळा, ओला.
अंगठा फिरवला वरून खाली.

एक बाणा हुकला होता.
कधी देणार, ती तारीख.

कागद त्याच्याकडं सरकवला.
त्यानं पेनाचं टोपण लावून टाकलं होतं.
बाहेर शमशाद रिक्षा धरून उभी, मीटर पडतंय,
पडू दे.
मला उभं राहायची सवय आहे.