समासातली पेन्सिल

वाचनालयातली ती कादंबरी रुबिनाने आणली होती
मिरजेच्या दवाखान्यात, खुर्ची क्रमांक चारवर,
डाव्या हातात सुई म्हणून उजव्याने पानं उलटत.
मी पाचवर. तासगावहून पहिल्या एसटीने आलेली,
डब्यात आईने दिलेले बेदाणे,
ज्यांचा मला तेव्हा वासही सोसत नव्हता.

कादंबरीत एक मुलगा होता, एक मुलगी होती,
दोघांना आमचाच आजार.
पण ती दोघं मरत होती फार छान.
केस गेले तरी भुवया शाबूत,
आणि दर संध्याकाळी लेखकाने त्यांना एक टेकडी दिलेली.

"ह्यांना उलटी कधी होते गं?" रुबिना म्हणाली,
नि पेन्सिल काढली.

पान एकेचाळीस, समासात: खोटं. तोंडाला चव नसते, लोखंड असतं.
पान अठ्ठावन्न: ह्यांचे वडील बिलाच्या खिडकीपाशी कधीच कसे नसतात?
पान शहात्तर, मुलगा तिचा हात धरतो तिथे: हे खरं असेल. माहीत नाही.
(खाली माझ्या अक्षरात: मलाही नाही.)

तिचे अब्बा सतारी करायचे. घराच्या पत्र्यावर
भोपळे वाळत घातलेले, ओळीने.
"आपला वॉर्ड," ती म्हणायची, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत.
एका शुक्रवारी तिने मला जवारी दाखवली:
घोडीचं हाड कानसीने घासायचं, केसाएवढं,
तार त्याला शिवते न शिवते,
नि त्या शिवण्या-न-शिवण्यातच सगळा आवाज.
जास्त घासलं तर?
तर मुकी.
अब्बा कान लावून थांबले. आम्हीही.

चौथ्या डोसानंतर पांढऱ्या पेशी वर आल्या,
तसा आम्ही ठराव केला: टेकडी नको, हरिपूर.
तिच्या मामेभावाची स्कूटी, मी मागे, दोघींना स्कार्फ.
कुणालाच काही कळलं नाही,
सांगलीत सगळ्याच मुली तसा बांधतात.
हळदीच्या पेठेपाशी हवा पिवळी झाली, तिथे ती मुद्दाम हळू गेली.
बाहेरचं खायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलेलं,
म्हणून भडंग तीनदा घेतलं.
संगमावर, वारणा कृष्णेत शिरते तिथे,
दोन पाण्यांचे दोन रंग थोडा वेळ शेजारी चालतात.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.
ती एकदम ओरडली, "लसूण लागली! अगं, मला लसूण लागली!"

कादंबरी एकशे नव्वदाव्या पानावर राहिली.
शेवट आधी वाचायचा नाही असं ठरलेलं,
आणि मग खुर्ची क्रमांक चारवर
कवठ्याचे एक काका बसायला लागले. गप्प असायचे.

दंड बारा रुपये झाला. वाचनालयातल्या बाईंनी पानं चाळली,
खोडरबर पुढे सरकवला. "पुस्तक सगळ्यांचं असतं, बाळ."
टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी एकेक खोडत गेले.
बिलाची खिडकी गेली.
पान एकेचाळीसवरचं 'खोटं' काही जाईना,
इतकं दाबून लिहिलेलं,
शिसं गेलं तरी बोट फिरवलं की लागतं.
शहात्तराव्याला मी हातच लावला नाही.

त्या कादंबरीचा शेवट मी अजून वाचलेला नाही.
माझी पुढची तपासणी मार्चमध्ये.
बेदाणे आता खाते.