साल

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
औषधवाल्या ओनोरीनच्या दुकानामागे आम्ही पाच जण बसतो,
शटर अर्धं ओढून.
मेणकापडावर पाव, अक्रोड,
आणि थुंकायला एक इनॅमलचं भांडं, जे कुणीच वापरत नाही.

आज नुसतं शातो ब्रांसलोंग.
पाच सालं, पाच बाटल्या,
ज्याने त्याने आपापल्या तळघरातून आणलेल्या,
तान्ह्या पोराला आणावं तशा, मानेखाली हात देऊन.

शहाण्णवचं बूच निघालं
आणि नोटरी द्युबॉस्कनं चष्मा काढून ठेवला,
म्हणजे झालंच.
मग अठ्ठ्याण्णव. बाई सोलांज म्हणाल्या, शाई.
वर्गातल्या दौतीत पाणी घालून पोरं वाढवायची, तशी.
दोन हजार एकला आम्ही पुन्हा गप्प.
लाफार्गनं चाळीस वर्षं खाडीतून जहाजं आत आणली,
तो एका घोटात कुठल्याशा बंदरात जाऊन आला,
नाव सांगेना.
दोन हजार दोन, पुन्हा शाई.
दोन हजार चार तर शाईही नाही.

एवढ्या पैशात माझ्या छपराची कौलं बदलली असती,
द्युबॉस्क म्हणाला. नाव मोठं, लक्षण खोटं.
पोरीच्या लग्नासाठी दोन हजार चारच्या
दोन पेट्या घेऊन ठेवल्यात त्यानं.
पोरीला अजून कुणी पसंत नाही, तेवढंच बरं.

मग कारणं निघाली.
ओनोरीनचा संशय बुचावर.
लाफार्गचा नदीवर, ती गाळ बदलते म्हणे.
बाईंचा धन्याच्या जावयावर.
आणि मग, कुणी काही न बोलता,
सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.
ब्रांसलोंगची पिंपं मी करायचो.
ओक माझा, जाळ माझा, पट्ट्या माझ्या.
मी अक्रोड फोडत राहिलो.

एवढ्यात शटरखालून वाकून एव्हारिस्त आत आला,
एकतीस वर्षं तिथलं तळघर सांभाळलेला,
हातात लीकची जुडी.
ओनोरीननं बोलावलं होतं, आम्हाला न सांगता.
बाटल्यांवर रुमाल टाकायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानं त्या ओळीनं पाहिल्या.
कोट न काढताच बसला.
म्हणाला, सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ताप आला होता,
तो उतरला, पण नाक घेऊन गेला.
सहा वर्षं.
बायकोलासुद्धा सांगितलं नाही.
जळलेलं कालवण खाऊन छान म्हणायचो.

मग मिश्रण? बाईंनी विचारलं.
रंग बघायचो. रंग सालीत असतो, तो दिसतो.
बाकी हाताखालच्या पोराचं तोंड बघायचो,
घोट घेताना भुवई कुठे जाते ते.

लाफार्गनं बोटांवर मोजलं.
मग दोन हजार एक?
आंधळ्यानं केलेलं, एव्हारिस्त म्हणाला.
आणि दोन हजार चार?
तेव्हा नाक परत आलं होतं, म्हणून तो हसला,
इतकं मन लावून कधी काम केलं नाही मी.

द्युबॉस्कनं चष्मा परत लावला.
हिशेब बसत नव्हता.
बसला असता तर रागावता आलं असतं.

मी त्याचा पेला भरला, दोन हजार एकचा, तळापर्यंत उरलेला.
त्यानं तो नाकाशी नेला, थांबला,
आणि माझ्यापुढे सरकवला.
पुन्हा गेलंय, हळूच म्हणाला, यंदाच्या लेंटपासून.
तू सांग, कसा येतो?

मी नाक खुपसलं.
ओली पाटी, म्हणालो.
तासलेली पेन्सिल. काळ्या मनुकांची पिशवी, नुकती उघडलेली.
तो मान हलवत होता, पत्ता ऐकावा तसा.
खाली, अगदी खाली, आणखी एक होता,
जरा जास्त जळालेलं माझं लाकूड.
तो सांगायचा राहिला.