गंगावेशीत डिंगल सांगताना

रात्रीचे साडेनऊ. कट्ट्यावर म्हशी उभ्या,
पेल्याच्या काठावर धारोष्ण फेस,
आणि दस्तगीर विचारतोय, "बोल की लेका,
एवढं आयर्लंड करून आलास, बघितलंस काय?"

समुद्र, म्हणालो.
"समुद्र मालवणातबी हाय."

ते खरं आहे.

मग सांगितलं : लेकीनं ट्रलीहून गाडी काढली,
दवाखान्यातली रात्रपाळी उरकून, डोळे तांबारलेले,
म्हणाली, बाबा, आज ऊन पडलंय,
इथं उन्हाची वाट बघत नाहीत, त्याच्या मागं पळतात.
पुढं जमिनीचं एक बोट लागलं, समुद्रात खुपसलेलं,
रस्ता कड्याच्या कडेकडेनं, समोरून बस आली
की एकानं मागं सरायचं, दुसऱ्यानं हात वर करायचा.
खाली पाणी. वर मेंढरं,
पाठीवर निळा-तांबडा रंग मारलेली.

"पट्टणकोडोलीचा भंडारा जणू," आण्णाप्पा म्हणाला.
नाही रे, मालकाची खूण ती.
पण मलाही आधी भंडाराच आठवला.

कुंपणं नुसत्या दगडांची. चुना नाही, माती नाही.
दगडावर दगड, फटींतून आरपार वारा.
ही भिंत वाऱ्याला अडवत नाही म्हणून उभी आहे,
असं स्वरूपा म्हणाली.
घटस्फोटानंतर पहिल्यांदाच ती
इतकं सलग बोलत होती.

(हे कट्ट्यावर सांगितलं नाही.)

बंदराच्या गावाला पाटीवर दोन नावं,
एक चालू, एक जुन्या जिभेचं,
आपलं कोल्हापूर-करवीर तसं.
घरं पिवळी, जांभळी, एक तर पार गुलाबी.
एका दुकानात डाव्या हाताला खिळे-बिजागरी
आणि उजव्या हाताला बिअर.
"उद्यमनगरात असं दुकान असतं तर?"
"एकबी खिळा खपला नसता!"
हे मात्र सगळ्यांना पटलं.

धक्क्यावर एक लोखंडी खुंटा होता, होड्या बांधायचा.
चाळीस वर्षं मोल्डिंग केलेला माणूस
गावाआधी कास्टिंगकडं बघतो.
हात फिरवला. बगलेत पार्टिंगची रेघ,
नीट घासली नव्हती, पाळी सुटायची घाई असणार.
वरच्या अंगाला ब्लोहोल, करंगळी जाईल एवढं,
आत काळा रंग भरून झाकलेलं.
मगदूम शेठच्या शेडमध्ये हा नग आला असता
तर खडूनं फुली मारून मी भंगारात टाकला असता.

त्याला दोर गच्च.
दोराच्या टोकाला होडी, होडीत पॉडी नावाचा म्हातारा
खेकड्यांचे पिंजरे उतरवत होता.
खुंटा कधीचा, स्वरूपानं विचारलं.
आज्ज्याला ठाऊक होतं, तो म्हणाला,
पण तो पोहायला शिकला नव्हता.
आणि दात नसलेलं तोंड उघडून हसला.

ओहोटी लागली तसे वाळूत उतरलो.
मी वाकलो, मूठ भरली, दाबली, उघडली.
सवय. बोटांचे ठसे राहिले तर वाळू चांगली,
साचा धरते.
क्षणभर राहिले, मग ढासळले.
बेंटोनाइट नाही हिच्यात, म्हणालो, काही कामाची नाही.
"बाबा, इथंही?" आणि लेक हसली,
मोठ्यानं, लहानपणी सायकलवरून पडून हसायची तसं,
वाऱ्यानं ते हसू उचललं आणि कुठल्या कुठं नेलं.
मी पुन्हा मूठ भरली. दाबली. उघडली.
पुन्हा हसली.
तिसऱ्यांदा भरली
ती मुद्दाम.

"वाळूबिळू ऱ्हाऊ दे," दस्तगीर म्हणतो,
"मासं कसं हुतं त्ये सांग."
अळणी, म्हणालो. लई अळणी.
सगळे हसले, मीही.
दूधवाल्यानं पुढची म्हैस ओढून घेतली
आणि कासेवर पाणी मारलं.